कॅन्सरची 'लस' खरंच आलीय का? डीएनए आणि एमआरएनए लशींचं संशोधन नेमकं कुठवर पोहोचलंय?

"कॅन्सरवर लस सापडली. रशिया सगळ्यांना फुकट देणार. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा."

डिसेंबर २०२४ मध्ये अशा आशयाचे मेसेज फॅमिली ग्रुपपासून रील्सपर्यंत सगळीकडे फिरले. २०२५ मध्ये ते नव्या रूपात परत आले. या वेळी सोबत '१०० टक्के परिणामकारक' असा दावाही होता.

ज्याच्या घरात कुणाला कॅन्सर नाही, तो असा मेसेज वाचून पुढे सरकतो. पण ज्याच्या घरात कुणाची केमोथेरपी सुरू आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट इतकी साधी नसते. "केमो थांबवून या लशीची वाट बघायची का?" हा प्रश्न त्याच्या मनात येतोच. आणि या प्रश्नाचं चुकीचं उत्तर जिवावर बेतू शकतं.

गंमत म्हणजे मेसेज अर्धा खोटा असला, तरी त्यामागचं विज्ञान खोटं नाही. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या लशींवर गेली तीसहून अधिक वर्षं काम सुरू आहे. काही निकाल खरोखर आशा वाढवणारे आहेत, काही साफ फसलेत. नक्की काय झालंय आणि काय व्हायचं बाकी आहे, समजून घेऊया.

ही लस नेहमीच्या लशीसारखी आहे का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पोलिओ किंवा गोवरची लस आपण आजार होण्याआधी घेतो. शरीराला शत्रूची ओळख आधीच करून दिली की पुढे खरा विषाणू आला तर शरीर तयार असतं. कॅन्सर टाळणाऱ्या अशा लशी आजही आहेत. एचपीव्ही विषाणूची लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण देते. हिपॅटायटिस बीची लस यकृताच्या कॅन्सरचा धोका कमी करते. पण या दोन्ही लशी थेट कॅन्सरवर नाहीत. ज्या विषाणूंमुळे पुढे कॅन्सर होऊ शकतो, त्यांना त्या अडवतात.

या लेखात ज्या लशींबद्दल बोलतोय त्या वेगळ्या आहेत. त्या निरोगी माणसाला द्यायच्या नाहीत. ज्याला कॅन्सर झालाय त्यालाच द्यायच्या आहेत, बहुतेक वेळा ऑपरेशन करून गाठ काढल्यानंतर. शरीरात लपून राहिलेल्या उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी रुग्णाच्याच रोगप्रतिकारक शक्तीने शोधून माराव्यात, हा त्यामागचा हेतू आहे.

म्हणजे 'लस' हा शब्द इथे औषधाच्या अर्थाने येतो. 'एक टोचून घ्या आणि कॅन्सरची चिंता मिटली' असा त्याचा अर्थ नाही.

मग शरीर स्वतःहून कॅन्सरला का मारत नाही?

खरं तर शरीर प्रयत्न करतं. आपल्या रक्तातल्या टी पेशी रात्रंदिवस गस्त घालत असतात. प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी ते तुकडे तपासतात. ओळखीचे असतील तर पुढे जातात, परके वाटले तर हल्ला करतात.

विषाणू बाहेरून येतो, त्यामुळे त्याचे तुकडे लगेच परके दिसतात. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असते. ती बिघडलेली असते, पण बरीचशी आपल्यासारखीच दिसते. घरातलाच माणूस चोरी करत असेल तर वॉचमन त्याला गेटवर कशाला अडवेल?

पण पेशी बिघडते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये बदल झालेले असतात. त्यातल्या काही बदलांमुळे जरा वेगळी, शरीरात इतर कुठेही नसलेली प्रथिनं तयार होतात. या वेगळेपणाच्या खुणांना शास्त्रज्ञ 'निओअँटिजेन' म्हणतात. या खुणा टी पेशींना नीट दाखवून दिल्या, तर घरातला चोर पकडता येतो.

दुसरी अडचण म्हणजे कॅन्सरच्या पेशी टी पेशींचा 'ब्रेक' दाबतात. टी पेशींवर काही नैसर्गिक ब्रेक असतात, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर तुटून पडतील. कॅन्सर याच सोयीचा गैरफायदा घेतो. हा ब्रेक सोडवणारी औषधं आज उपलब्ध आहेत. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रकारचं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध 'कीट्रुडा' या नावाने विकलं जातं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

थोडक्यात, लस टी पेशींना चोराचा फोटो देते आणि ब्रेक सोडवणारं औषध त्यांचे हात मोकळे करतं. म्हणूनच बहुतेक चाचण्यांमध्ये दोन्ही एकत्र दिली जातात.

डीएनए लस आणि एमआरएनए लस यांत फरक काय?

घरात आजीची पाककृतींची जुनी वही कपाटात जपून ठेवलेली आहे असं समजा. स्वयंपाक करताना ती वही कुणी ओट्यावर नेत नाही. हवी ती पाककृती चिठ्ठीवर उतरवून घेतात. काम झालं की चिठ्ठी फेकून देतात. वही कपाटातच राहते.

डीएनए म्हणजे ती वही. ती पेशीच्या केंद्रात सुरक्षित असते. एमआरएनए म्हणजे ती चिठ्ठी. त्यातला 'एम' हा मेसेंजरचा, म्हणजे निरोप्याचा. केंद्राबाहेर प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते, ती ही चिठ्ठी वाचून प्रथिन तयार करते आणि काही काळात चिठ्ठी नष्ट होते.

एमआरएनए लशीत प्रयोगशाळेत लिहिलेली अशी एक चिठ्ठी असते. ती फार नाजूक असते, शरीरात उघडी सोडली तर लगेच तुटते. म्हणून ती चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून देतात. पेशीत शिरल्यावर चिठ्ठी वाचली जाते, कॅन्सरच्या खुणेचं प्रथिन तयार होतं आणि टी पेशींना ते दाखवलं जातं.

डीएनए लशीत चिठ्ठीऐवजी वहीचं एक सुटं पान असतं. शास्त्रीय भाषेत ते डीएनएचं छोटं गोल कडं, म्हणजे 'प्लास्मिड' असतं. पेशीच्या केंद्रात गेल्यावर त्यावरून चिठ्ठी तयार होते आणि मग प्रथिन बनतं.

दोघांचे फायदे-तोटे वेगळे आहेत. डीएनए टिकाऊ असतं, साठवायला सोपं असतं, जीवाणूंमध्ये वाढवून तुलनेने स्वस्तात बनवता येतं. पण त्याला पेशीच्या आत आणि मग केंद्राच्याही आत जावं लागतं, म्हणजे दोन दारं ओलांडावी लागतात. त्यामुळे अनेक डीएनए लशी टोचल्यानंतर त्या जागी विजेचे अगदी छोटे झटके देतात, म्हणजे पेशींचं आवरण क्षणभर उघडतं. एमआरएनएला एकच दार ओलांडायचं असतं, म्हणून ते लवकर कामाला लागतं. पण ते नाजूक असतं आणि थंड ठेवावं लागतं.

ही कल्पना कोविडमध्ये सुचली का?

अजिबात नाही. उलट झालं. आधी कॅन्सरसाठी चाललेलं काम कोविडमध्ये कामी आलं.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूत थेट डीएनए आणि आरएनए टोचलं. त्या स्नायूत हवं ते प्रथिन तयार झालं. पेशीला बाहेरून सूचना देता येते, हे त्यातून दिसलं. पुढे १९९० च्या दशकातच उंदरांवर एमआरएनएच्या मदतीने कॅन्सरविरोधी लशीचे प्रयोग सुरू झाले.

पण एक मोठा अडथळा होता. बाहेरून दिलेलं एमआरएनए दिसताच शरीर त्यालाच शत्रू समजायचं आणि जोरदार दाह व्हायचा. हंगेरीत जन्मलेल्या कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये यावर उपाय मांडला. एमआरएनएच्या एका घटकात त्यांनी छोटा रासायनिक बदल केला आणि शरीराचा हा विरोध कमी झाला. तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०२३ मध्ये मात्र याच कामासाठी दोघांना नोबेल मिळालं.

जर्मनीतल्या माइन्झ शहरात २००८ मध्ये उगूर शाहिन आणि ओझलेम ट्युरेजी या डॉक्टर दांपत्याने सहकाऱ्यांसोबत बायोएनटेक ही कंपनी उभी केली. सुरुवातीपासून त्यांचं लक्ष्य कॅन्सर होतं. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांच्या हातात तयार तंत्र होतं. ते विषाणूकडे वळवलं आणि फायझरसोबत त्यांची कोविड लस आली. अमेरिकेतल्या मॉडर्ना कंपनीकडेही असंच तयार तंत्र होतं. महामारीमुळे कारखाने, पैसा आणि कोट्यवधी लोकांवरचा अनुभव मिळाला. आता ही गाडी पुन्हा कॅन्सरकडे वळली आहे.

'एका रुग्णासाठी एक लस' म्हणजे काय?

या संशोधनातला सगळ्यात वेगळा भाग हाच आहे. दोन माणसांना एकाच अवयवाचा कॅन्सर झाला तरी त्यांच्या गाठींमधले बदल वेगळे असतात. त्यामुळे एका रुग्णासाठी बनवलेली लस दुसऱ्याला चालत नाही. ही लस अंगाच्या मापाने शिवलेल्या कपड्यासारखी असते.

ती साधारण अशी तयार होते:

१. ऑपरेशन करून काढलेल्या गाठीचा नमुना घेतात. सोबत रुग्णाचं रक्तही घेतात.

२. गाठीतल्या आणि निरोगी पेशींतल्या डीएनएचं वाचन करून तुलना करतात. कुठे कुठे बदल झालेत, याची यादी बनते.

३. या यादीतल्या कोणत्या खुणा या रुग्णाच्या टी पेशींना ठळक दिसतील, याचा अंदाज संगणक बांधतो. 'एआयने बनवलेली लस' असं जे म्हटलं जातं, ते प्रामुख्याने या टप्प्याबद्दल असतं.

४. निवडलेल्या खुणांची माहिती एका एमआरएनए किंवा डीएनएमध्ये लिहितात.

५. लस तयार करून, गुणवत्ता तपासून त्याच रुग्णाला अनेक डोसांत देतात.

मॉडर्ना आणि मर्क यांच्या लशीत अशा ३४ पर्यंत खुणा बसवता येतात, तर बायोएनटेक आणि जेनेनटेक यांच्या लशीत २० पर्यंत. नमुना घेण्यापासून लस हातात येईपर्यंत काही आठवडे जातात. वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये हे आठवडेही मोठे असतात.

आतापर्यंतचे निकाल काय सांगतात?

सर्वाधिक चर्चा आहे ती मेलानोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरवरच्या चाचणीची. मॉडर्ना आणि मर्क यांच्या या चाचणीत १५७ रुग्ण होते. सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, पण कॅन्सर परत येण्याचा धोका जास्त होता. १०७ जणांना कीट्रुडासोबत लस दिली, तर ५० जणांना फक्त कीट्रुडा.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, लस मिळालेल्या १०७ पैकी २४ जणांमध्ये कॅन्सर परतला किंवा मृत्यू झाला. लस न मिळालेल्या ५० पैकी २० जणांच्या बाबतीत तसं झालं. म्हणजे एका गटात साधारण २२ टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के. वेळेचाही हिशेब धरून संशोधकांनी हा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं सांगितलं. तीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हा आकडा ४९ टक्के सांगण्यात आला.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. '४४ टक्के धोका कमी' याचा अर्थ '४४ टक्के लोक बरे झाले' असा नाही. तसंच, लस मिळूनही २४ जणांना फायदा झाला नाही, आणि लस न मिळालेल्या ३० जणांचा कॅन्सर त्या काळात परतला नाही. लस शक्यता बदलते, शंभर टक्के हमी देत नाही.

शिवाय ही चाचणी लहान होती. कुणाला लस मिळतेय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं. म्हणून २०२३ मध्ये सुमारे एक हजार रुग्णांवर मोठी, तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. त्यात कुणाला लस आणि कुणाला लशीसारखं दिसणारं निष्क्रिय इंजेक्शन मिळतंय, हे उघड केलेलं नाही. खरा निवाडा तिथेच होईल.

दुसरी चाचणी स्वादुपिंडाच्या कॅन्सरची. हा कॅन्सर अतिशय घातक मानला जातो. अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्केच आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. विनोद बालचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली १६ रुग्णांना ऑपरेशननंतर बायोएनटेकची एमआरएनए लस देण्यात आली. सोबत इम्युनोथेरपी आणि केमोथेरपीही होती.

१६ पैकी आठ जणांच्या शरीरात लशीमुळे कॅन्सर ओळखणाऱ्या नव्या टी पेशी तयार झाल्या. उरलेल्या आठ जणांमध्ये तसं झालं नाही. तीन वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यात, प्रतिसाद दिलेल्या आठपैकी दोघांचा कॅन्सर परतला. प्रतिसाद न दिलेल्या आठपैकी सात जणांचा परतला. लशीने तयार झालेल्या काही टी पेशी अनेक वर्षं टिकू शकतील, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सोळा हा आकडा फार छोटा आहे. शिवाय ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच चांगली होती, त्यांनीच प्रतिसाद दिला असण्याची शक्यता उरते. म्हणून सुमारे २६० रुग्णांवर पुढची चाचणी हाती घेतली गेली. पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एवढं दिसणं हीच डॉक्टरांसाठी मोठी बातमी होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी एक लक्षवेधी अभ्यास 'नेचर'मध्ये आला. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आगेमागे १०० दिवसांत ज्यांनी कोविडची एमआरएनए लस घेतली होती, असे फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरचे रुग्ण तुलनेने जास्त जगल्याचं जुन्या नोंदींत दिसलं. एमआरएनए लस प्रतिकारशक्तीला एकूणच जागं करत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातोय. पण या जुन्या नोंदी आहेत, ठरवून केलेली चाचणी नाही. त्यामुळे 'कोविड लस कॅन्सर बरा करते' असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

आणि डीएनए लशींचं काय?

कॅन्सरवरच्या डीएनए लशीला पहिली सरकारी परवानगी मिळाली ती माणसांसाठी नाही, तर कुत्र्यांसाठी! कुत्र्यांच्या तोंडात होणाऱ्या मेलानोमावरच्या 'ऑनसेप्ट' या लशीला अमेरिकेत २००७ मध्ये सशर्त आणि २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळाला.

माणसांसाठी डीएनए लशीला परवानगी देणारा पहिला देश भारत ठरला. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या 'झायकोव्ह-डी' या लशीला ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती कोविडवरची लस होती आणि सुई न टोचता दिली जायची. तिचा कॅन्सरशी संबंध नाही. पण डीएनए लस माणसाला मोठ्या प्रमाणावर देता येते, हे त्यातून दिसलं.

कॅन्सरच्या बाबतीत एप्रिल २०२४ मध्ये एक उल्लेखनीय निकाल आला. यकृताच्या कॅन्सरच्या ३६ रुग्णांना त्यांच्या-त्यांच्या गाठीनुसार बनवलेली डीएनए लस पेम्ब्रोलिझुमॅबसोबत देण्यात आली. त्यातल्या ११ जणांच्या गाठी ठरवलेल्या निकषाइतक्या आक्रसल्या. तिघांच्या गाठी तपासणीत पूर्ण नाहीशा झाल्या. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यातलं किती श्रेय लशीचं, हे पुढच्या चाचण्यांतच कळेल.

सगळंच यशस्वी झालंय का?

नाही, आणि व्हायरल मेसेजमध्ये नेमकी हीच बाजू गायब असते.

जर्मनीच्या क्युअरव्हॅक कंपनीची प्रोस्टेट कॅन्सरवरची एमआरएनए लस जानेवारी २०१७ मध्ये चाचणीत अपयशी ठरली. रुग्णांचं आयुष्य त्यामुळे वाढलं नाही. ती प्रत्येकासाठी वेगळी बनवलेली लस नव्हती.

गर्भाशयमुखात एचपीव्हीमुळे होणाऱ्या कॅन्सरपूर्व बदलांवर इनोव्हिओ या अमेरिकी कंपनीने डीएनए लस बनवली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधल्या टप्प्यातल्या चाचणीत लस मिळालेल्या जवळपास निम्म्या महिलांमधले हे बदल मागे हटले. लस न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होतं. सगळ्यांच्या आशा वाढल्या. पण २०२३ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या एका चाचणीत ही लस ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही.

मधल्या टप्प्यात चमकलेली लस शेवटच्या टप्प्यात पडू शकते. म्हणूनच डॉक्टर 'तिसऱ्या टप्प्याचे निकाल येऊ द्या' असं वारंवार सांगतात.

याची कारणंही आता बऱ्यापैकी कळली आहेत. ज्या कॅन्सरमध्ये बदलांच्या खुणा कमी असतात, तिथे लशीला नेम धरायला जागा कमी मिळते. काही गाठी स्वतःभोवती अशी भिंत उभी करतात की टी पेशी आत शिरूच शकत नाहीत. काही कॅन्सर उपचार सुरू असतानाच आपली ओळख बदलतात. शिवाय गाठ खूप मोठी झाली असेल किंवा कॅन्सर अंगभर पसरला असेल, तर प्रतिकारशक्ती आधीच थकलेली असते. म्हणून संशोधकांचा भर आता ऑपरेशननंतर, कॅन्सर कमीत कमी उरलेला असताना लस देण्यावर आहे.

साइड इफेक्ट्स काय? या लशी आपला डीएनए बदलतात का?

मेलानोमाच्या चाचणीत लशीमुळे सर्वाधिक दिसलेले त्रास म्हणजे थकवा, टोचलेल्या जागी दुखणं आणि थंडी वाजणं. कोविडची लस घेतल्यावर अनेकांनी जे अनुभवलं, साधारण त्याच प्रकारचे. उपचारामुळे गंभीर त्रास झालेल्यांचं प्रमाण लस आणि कीट्रुडा मिळालेल्या गटात २५ टक्के, तर फक्त कीट्रुडा मिळालेल्या गटात १८ टक्के होतं. म्हणजे हा उपचार केमोथेरपीसारखा नसला, तरी अगदी बिनत्रासाचाही नाही.

राहिला डीएनए बदलण्याचा प्रश्न. एमआरएनए पेशीच्या केंद्रात, म्हणजे जिथे डीएनए असतं तिथे जात नाही. चिठ्ठी ओट्यावरच संपते, कपाटातल्या वहीपर्यंत पोहोचत नाही. डीएनए लस केंद्रात जाते, पण तिचं सुटं पान वहीत शिवलं जाईल अशी तिची रचना नसते. तरीही ही शक्यता तपासणं औषध नियामक बंधनकारक करतात आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांत ती अत्यंत कमी आढळली आहे.

मग रशियाच्या लशीचं काय?

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या संस्थेचे प्रमुख आंद्रेई काप्रिन यांनी एमआरएनए लस तयार होत असल्याचं आणि ती रशियन रुग्णांना मोफत दिली जाईल, असं सांगितलं. 'रशियन रुग्णांना' हा शब्द भारतात फिरलेल्या मेसेजमधून गळाला आणि 'सगळ्यांना फुकट' असं झालं. ही घोषणा झाली तेव्हा माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचे तपशीलवार निकाल जगासमोर आलेले नव्हते.

२०२५ मध्ये 'एन्टेरोमिक्स' हे नाव व्हायरल झालं. अनेक पोस्टमध्ये तिला एमआरएनए लस म्हटलं गेलं. प्रत्यक्षात एन्टेरोमिक्स म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या चार विषाणूंचं मिश्रण आहे. दोन वेगळे प्रकल्प एकाच मेसेजमध्ये मिसळले गेले.

२०२५ संपेपर्यंत अमेरिका, युरोपीय संघ किंवा भारतात कॅन्सरवरच्या कोणत्याही एमआरएनए किंवा डीएनए लशीला माणसांसाठी नियमित वापराची परवानगी मिळालेली नव्हती. तिथे या लशी मिळत होत्या त्या चाचण्यांमध्येच. इंग्लंडने मात्र तयारी सुरू केली आहे. २०३० पर्यंत १० हजार रुग्णांपर्यंत अशा उपचारांच्या चाचण्या पोहोचवण्याचा करार तिथल्या सरकारने २०२३ मध्ये बायोएनटेकसोबत केला.

भारतात आणि महाराष्ट्रात काय चित्र आहे?

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. पण आपल्याकडचे कॅन्सर वेगळे आहेत. ज्या मेलानोमावर सर्वाधिक चाचण्या झाल्या, तो भारतात कमी दिसतो. आपल्याकडे स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर जास्त. त्यामुळे परदेशातला निकाल जसाच्या तसा इथे लागू होईलच असं नाही. इथल्या रुग्णांवर, इथल्या कॅन्सरवर चाचण्या होणं गरजेचं आहे.

तंत्र मात्र आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने भारताची पहिली स्वदेशी एमआरएनए लस बनवली. कोविडवरच्या या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात, म्हणजे २ ते ८ अंशांत ठेवता येते. एमआरएनएच्या नाजूकपणावर भारतीय परिस्थितीला साजेसा उपाय इथेच निघू शकतो, हे त्यातून दिसलं.

खर्चाचा प्रश्न जास्त अवघड आहे. हजारो लोकांसाठी एकच लस बनवली की खर्च वाटला जातो. इथे प्रत्येक रुग्णासाठी वेगळं वाचन, वेगळी रचना, वेगळी तपासणी. सोबत महागडं इम्युनोथेरपीचं औषध. पण याबाबतीतही एक आशादायक उदाहरण मुंबईतलं आहे. रुग्णाच्याच टी पेशी बदलून रक्ताच्या कॅन्सरवर उपचार करणारी 'कार-टी' थेरपी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केली. तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशातल्या खर्चाच्या साधारण एक दशांशात ती उपलब्ध होईल, असं सांगण्यात आलं. ही लस नव्हे, पण 'एका रुग्णासाठी एक उपचार' भारतात बनू शकतो, हे तिने दाखवलं.

असा मेसेज पुन्हा आला तर काय तपासायचं?

फॉरवर्ड करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

- ही लस कॅन्सर टाळण्यासाठी आहे की झालेल्या कॅन्सरवर उपचार म्हणून?
- नेमक्या कोणत्या कॅन्सरवर? 'सगळ्या कॅन्सरवर' असं लिहिलं असेल तर तिथेच शंका घ्या.
- चाचणी उंदरांवर झाली की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर?
- तुलनेसाठी दुसरा गट होता का?
- निकाल वैद्यकीय नियतकालिकात आलाय की फक्त पत्रकार परिषदेत?

आणि घरात कुणी रुग्ण असेल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरू असलेले उपचार अशा मेसेजवर थांबवू नका. वर सांगितलेल्या चाचण्यांमधल्या रुग्णांनीही ऑपरेशन, केमो किंवा इम्युनोथेरपी सोडलेली नव्हती. लस त्यांच्या जोडीला दिली होती, त्यांच्या ऐवजी नाही. चाचणीत सहभागी व्हायची इच्छा असेल तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा. भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंद सरकारच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये असते आणि ती कुणालाही ऑनलाइन पाहता येते. उपचारांच्या चाचणीत सहभागी करून घेण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हा.

कॅन्सर टाळणारी लस मात्र वाट बघायला लावत नाही. एचपीव्हीची लस आज उपलब्ध आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हावॅक' ही तिची स्वदेशी आवृत्तीही आणली आहे. ९ ते १४ वर्षं वयात ती घेतली तर सर्वाधिक फायदा होतो. भारतात दरवर्षी सव्वा लाखांच्या आसपास महिलांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो. रशियाच्या लशीचा मेसेज ज्या फॅमिली ग्रुपवर येतो, त्याच ग्रुपवर 'आपल्या मुलींना ही लस दिली का?' हा प्रश्न विचारला, तर तो फॉरवर्ड खरंच कुणाच्या तरी कामाचा ठरेल.